दहाव्याचा सीन

सांगली, ३ ऑक्टोबर २०२५

दादा,

पाकिटावर 'सुभेदार (निवृत्त) दिग्विजय' असं ठळक अक्षरात लिहिलंय, म्हणजे पोस्टमन तरी नीट हातात देईल. माझा नंबर तू तीन वर्षांपूर्वी बंद करून टाकलास. पत्र बंद करायची सोय पोस्टानं अजून काढलेली नाही, तिचा फायदा घेतोय. फाडायचंच असलं तर वाचून फाड. तू जम्मूला होतास तेव्हा तुझी पत्रं आईला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. वाचताना मी तुझा आवाज काढायचो आणि आई हसून हसून डोळे पुसायची. हे तुला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आता मीच सांगतो.

मुद्द्यावर येतो. राजनंदिनीनं मला कळवलं. तिच्यावर ओरडू नकोस, आजीच्या खुब्याचं हाड मोडलंय हे पोरीनं काकाला सांगणं ही काही फितुरी नाही. मी मंगळवारी इस्लामपूरच्या दवाखान्यात येऊन गेलो. तू खाली चहाला गेलास तेवढ्यात वर आलो, आणि तुझ्या बुटांचा आवाज जिन्यात आला तसा पलीकडच्या जिन्यानं उतरलो. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, दोन जिल्ह्यांत तोंड ओळखीचं, आणि आईला भेटून चोरासारखा पळतोय. माझ्या सिनेमात हे असतं तर लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या.

आई म्हणाली, "मला आता घरी न्या म्हनावं. आन् नदीवर दोघं या. एकट्याला बघून मी शिवायची न्हाई, सांगून ठिवते." असं म्हणून तिनं डोळे मिटले. डॉक्टर काय म्हणतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तू काय बोललास ते तिला ठाऊक आहे. आबांच्या दहाव्याला नदीवरून परत आल्यावर अंगणात, साठ-सत्तर माणसांसमोर तू म्हणालास, "आबांचं झालं. आईच्या वेळंला तू नदीवर पाय ठिवायचा न्हाई." तुझा शब्द गावात कुणी मोडत नाही, मीही मोडला नाही. तीन वर्षं घराची पायरी चढलो नाही. पण आईच्या दहाव्याला मला नदीवर येऊ दे. एवढंच मागायला हे पत्र.

आणि एक. पिंड ठेवले होते, कावळा येत नव्हता, तू हात जोडून बोललास आणि मागं लोक हसले. तेव्हा मीही हसलो असं तुला वाटतं. मी हसलो नाही. रडू आवरेना म्हणून उपरण्यात तोंड घातलं होतं. माझे खांदे हलत होते ते त्यामुळे. तू वळून बघितलंस तेव्हा तुला नीट दिसलं नसेल.

तुझा,
इंद्रा


वाई, १४ ऑक्टोबर २०२५

दादा,

तुझं कार्ड सांगलीहून फिरून इथं आलं. अक्षर संयोगिता वहिनींचं, पण बोलणारा तूच. तीन शब्द. "हसलास का न्हाई." पुढे प्रश्नचिन्हसुद्धा नाही. फौजेत तेवढं रेशनमध्ये मिळत नसावं.

मी इथं कृष्णेच्या घाटावर शूटिंगला आलोय. दुसरा भाग चाललाय. तू पहिला बघितला नाहीस, तुला तो लोकांनी तुकड्यातुकड्यानं आणि तुझ्या तोंडावर सांगितला. म्हणून एकदा माझ्याकडून ऐक. 'आबा, आता तरी शिवा' हे नाव. बाप मरतो, दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नाही, म्हणून मुलगा त्याला एकेक शब्द देत जातो. 'दारू सोडतो, बहिणीला हिस्सा देतो, तुमची बुलेट विकत नाही.' कावळा ढिम्म. आणि मागून एक पाहुणा तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात बोली वाढवायला ओरडावं तसा ओरडतो, "वाढवा पावणं, वाढवा." मुलगा मी. कथा माझी, दिग्दर्शन माझं. त्या चार मिनिटांच्या सीननं मला एवढ्या वर्षांच्या धडपडीनं दिलं नव्हतं ते दिलं. लग्नात, निवडणुकीत, कबड्डीच्या मैदानावर, लोक कुठंही "वाढवा" म्हणायला लागले.

सिनेमातला कावळा वेळेवर यावा म्हणून आम्ही तीन दिवस आधीपासून त्याच जागी फरसाण टाकतो. आजही सकाळी टाकलंय. खऱ्या दहाव्याला कुणी फरसाण टाकत नाही.

आबा गेले तेव्हा सिनेमा येऊन सहा महिने झाले होते. म्हणजे नदीवर आलेल्या प्रत्येक माणसानं तो सीन बघितलेला होता, तू सोडून. तू पुढं झालास, हात जोडलेस, आणि परेडवर बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणालास, "आबा, काय राहिलं असंल तर मनात ठिऊ नका." मागून नानासो हळूच बोलला, "वाढवा सुभेदार, वाढवा." त्याच्या तोंडून ते निसटलं, दादा. तो काही वाईट माणूस नाही, मयताला चार दिवस तोच पाणी वाहत होता. पण ते निसटलं आणि गर्दी फुटली. बायकासुद्धा पदरात तोंड लपवून हसल्या.

मी हसलो.

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. रडू नव्हतं ते. आवरायचा प्रयत्न केला एवढं मात्र खरं. तू पुढे काय म्हणत होतास ते मला ऐकू आलं नाही, हसण्याचा एवढा गलका होता. मी तुला हसलो नाही, सीनला हसलो, असं मी स्वतःला तीन वर्षं सांगत आलोय. माझ्या धंद्यात आपलं वाक्य लागू पडलं की अंग आपोआप हलतं. गवंड्याला दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर आधी भिंतीचा ओळंबा दिसतो, तसं.

तू दोन हजार तीनला सुट्टीवर येताना कॅन्टीनमधून हँडीकॅम आणलास. घरातले म्हणाले टीव्ही आणायचा सोडून हे काय. तू म्हणालास, "इंद्राला पाहिजे हुता." ती सुट्टी तू थर्माकोल धरून उन्हात उभा राहण्यात घालवलीस, माझ्या तोंडावर उजेड पाडायला. माझ्या पहिल्या पिक्चरचं निम्मं युनिट म्हणजे तू. त्या सीडीवर तुझं नाव टाकायचं राहिलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता मी खरं सांगितलंय. आईसाठी ये म्हण.

इंद्रा


सांगली, ५ नोव्हेंबर २०२५

दादा,

फराळाचा डबा मिळाला. वहिनींनी एसटीनं पाठवला हे तुला माहीत नसेल तर हे वाक्य वाचलंच नाहीस असं समज. डब्यात करंज्यांखाली तुझं दुसरं कार्ड होतं, म्हणजे माहीत असावं.

"क्लिप कुणी टाकली ते लिही. मग बघू."

नदीवरच्या त्या हशाची क्लिप हरीनं टाकली. हरी माझा कॅमेरामन, वीस वर्षं बरोबर आहे, तू त्याला ओळखतोस. हल्ली दहाव्याचंसुद्धा शूटिंग करतात, तसं त्यानं मोबाईलवर घेतलं. मग कुठल्याशा ग्रुपवर गेलं आणि तिथून सुटलं. मी त्याला तेव्हाच बोललो होतो.

त्या क्लिपनं तुझं काय झालं ते मला कळत होतं. साखर कारखान्याच्या गेटवर तू सिक्युरिटीचा मुख्य होतास. तू नुसता उभा राहिलास तरी ट्रकवाले रांग धरायचे. मग एक दिवस एक ड्रायव्हर काचेतून म्हणाला, "वाढवा सुभेदार," आणि फाटक उघडायला उशीर झाला की रोज कुणी ना कुणी म्हणायला लागला. सव्वा महिन्यात तू नोकरी सोडलीस. हे मला राजनंदिनीनं नाही, पेपरवाल्या पोरांनी सांगितलं. ते माझी मुलाखत घ्यायला आले होते. मी तेव्हा स्पेनला जायच्या तयारीत होतो.

स्पेनचं तुला कधी सांगितलं नाही. समुद्राकाठच्या एका गावात विनोदी सिनेमांचा मेळा भरतो, तिथं माझा सिनेमा बोलावला होता. कावळ्याचं त्यांना काय कळणार अशी धास्ती होती. पण बापाला शब्द देताना घासाघीस करणारा मुलगा सगळीकडे असतो म्हणायचा, थेटर दणाणलं. तिथं एक म्हातारा भेटला. आन्सेल्मो त्याचं नाव, सगळे पुढे 'डॉन' लावतात. तिकडं ते आपल्या 'राव'सारखं आहे, आन्सेल्मोराव. ऐंशी वर्षांचा, अजून स्वतः लिहितो, स्वतः दिग्दर्शन करतो, स्वतः काम करतो. तंबूत नकला करत सुरुवात, मग चाळीस सिनेमे. नाक तुझ्यासारखं.

दुभाष्याला मधे घेऊन आम्ही तासभर बोललो. त्यानं पहिल्या सिनेमात आपल्या थोरल्या भावाची नक्कल केली होती. भाऊ गावात पाव भाजायचा, थोडा तोतरा होता. सिनेमा तुफान चालला आणि गावातली पोरं पाव घ्यायला येऊन तोतरं बोलायला लागली. भाऊ पेठेतलं दुकान बंद करून दुसऱ्या गावाला गेला. आन्सेल्मोराव म्हणाला, "पहिली वीस वर्षं माझ्या सिनेमात दुसरे पडायचे, लोक त्यांना हसायचे आणि मी बाजूला उभा राहायचो. लोक मला मोठा विनोदी नट म्हणायचे. मग एकदा माझ्या लक्षात आलं की मी अजून एकदाही पडलेलो नाही." मी विचारलं, मग भाऊ परत आला का. तो म्हणाला, "मी पडायला लागेपर्यंत तो वारला होता."

मी त्याच्याबरोबर फोटो काढला आणि तो सगळीकडे लावला. ही गोष्ट मुलाखतींतून चार-पाच वेळा सांगितलीसुद्धा, लोकांना फार आवडते. परवा तुझं कार्ड वाचेपर्यंत ती मला आठवत होती, पण कळलेली नव्हती.

आईला काय खायला देता? राजनंदिनी म्हणते दोन चमचे पेज जाते. मला बोलव, दादा. हरीनं टाकली असं मी लिहून दिलंय, अजून काय पाहिजे?

इंद्रा


सांगली, १२ डिसेंबर २०२५

दादा,

हरी काल संध्याकाळी माझ्याकडे आला. बसला नाही, पाणीही प्यायला नाही. तो तुझ्याकडे येऊन गेलाय हे त्यानंच सांगितलं. तू त्याला निरोप धाडलास आणि तो मोटारसायकल काढून गावाला गेला. तू विचारलंस, "क्लिप तू टाकलीस का?" आणि तो म्हणाला, "व्हय सुभेदार, मीच." तू म्हणे त्याच्याकडे निरखून बघितलंस. मग वहिनींना चहा ठेवायला सांगितलंस आणि त्याला म्हणालास, "हरी, तू लय वरसं त्याच्यासंगं हायस. जा घरला."

हे सांगून हरी मला म्हणाला, "दादास्नी समजलं हुतं. मला बघूनच समजलं. साहेब, मी एकदा तुमच्यासाठी खोटं बोललो. दुसऱ्यांदा जमायचं न्हाई. तुमचं तुमी निस्तरा." वीस वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा साहेब म्हटलं, एरवी तो मला इंद्राच म्हणतो.

मला तुझा रागही आला, लपवत नाही. तुला माहीतच होतं तर विचारलंस कशाला? मला खोटं बोलायला लावून, खड्ड्यात पाय पडतोय का बघत बसायचं, हा कुठला न्याय? माझा एक सिनेमा तू तिकीट काढून बघितला नाहीस. आख्खा जिल्हा हसला, एक माझ्या घरचा माणूस हसला नाही, याचं मला कधी काय वाटलं असेल याचा विचार केलास? हे लिहून झालं आणि पान फाडावंसं वाटलं, पण राहू देतो. हेही माझंच आहे.

आता ऐक. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. हरीलाही निम्मंच माहीत आहे.

शूटिंग हरीनं केलं ते माझ्या मोबाईलवर, मी सांगितलं म्हणून. आठवण राहील असं मी म्हणालो होतो. मग तू मला अंगणातून हाकललंस. मी सांगलीला निघालो, पेठ नाक्यावर चहाला थांबलो आणि गाडीत बसून ते बघितलं. सिनेमा त्याच आठवड्यात मोबाईलवर लागणार होता. जाहिरात बघणारा माणूस दोन दिवस मागे लागला होता, काहीतरी द्या, काहीतरी द्या. मी ते त्याला पाठवलं, एकट्यालाच. खाली लिहिलं, 'बघा, खऱ्यात घडलं.' मी टाकली नाही असं मी आजवर याच जोरावर म्हणत आलो. पण एकाला पाठवणं म्हणजे काय हे माझ्या धंद्यातल्या माणसाला कळतं. रात्रीत ते सगळीकडे झालं आणि सकाळी मी ते मोजत होतो, किती जणांनी बघितलं ते.

याच्यापुढचं लिहायला मला दोन महिने लागले.

लोकांनी बघितलेली क्लिप अकरा सेकंदांची आहे. तू म्हणतोस, "आबा, काय राहिलं असंल तर मनात ठिऊ नका," की लगेच नानासोचं "वाढवा सुभेदार," आणि हशा. मूळ शूटिंग सव्वीस सेकंदांचं आहे. तुझं बोलणं तिथं संपलेलं नाही. नानासो मधे बोलला, लोक हसायला लागले, तरी तू थांबला नाहीस. त्या हशातच तू पुढे म्हणालास, "इंद्राची काळजी करू नका. त्यो लहान हाय. त्येला मी हाय."

मला ऐकू आलं नाही असं तुला लिहिलं. मला ऐकू आलं होतं, दादा. नदीवरच ऐकू आलं होतं. आणि तरी मला हसू आवरलं नाही.

गाडीत बसून मी ते वाक्य कापलं. मुळात सीन छोटा हवा, हसू लगेच यावं, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. खरं कारण ते नव्हतं. त्या वाक्यात माझं नाव होतं. ते ठेवलं असतं तर ज्याच्यासाठी तू हात जोडलेस तोच मागं उभा राहून हसतोय हे लोकांना दिसलं असतं. मग ते माझ्यावर थुंकले असते. कापल्यावर तू नुसता एक म्हातारा होऊ घातलेला फौजी उरलास, कावळ्याशी घासाघीस करणारा. मी तुझा विनोद केला आणि स्वतःला त्यातून बाहेर काढलं. मी चांगला एडिटर आहे, सगळे म्हणतात.

ते सव्वीस सेकंद माझ्याकडे अजून आहेत. कुणाला दाखवलेले नाहीत.

आता तू म्हणशील ते. येऊ नको म्हणालास तर येणार नाही. पण मी खरं लिहिलं नाही म्हणून तू नाही म्हणालास, असं तरी होऊ नये.

इंद्रा


गावचा फाटा, १८ डिसेंबर २०२५, सकाळ

दादा,

राजनंदिनीच्या हातून देतोय. फोन आला तसा निघालो. बारा तारखेचं पत्र तुला मिळालं का, मिळालं तर वाचलंस का, मला काही कळायला मार्ग नाही.

मी फाट्यावर रसवंतीच्या बाकड्यावर बसलोय. तू ये म्हणालास तर येतो. नको म्हणालास तर धूर दिसेल तेवढा इथून बघतो आणि जातो. गडबड करणार नाही. इथं दोघांनी मला ओळखून फोटो मागितला, मी दिला, आई गेली हे त्यांना सांगता आलं नाही.

तिच्या पायात ते चांदीचं जोडवं घट्ट बसलंय, आबांच्या वेळीही निघालं नव्हतं, काढताना ओढू नका.

इंद्रा


सांगली, २९ डिसेंबर २०२५

दादा,

काल नंबर लावून बघितला. बंदच आहे. म्हणून परत पत्र. परवा आपण दोघं एकाच घाटावर होतो, तेव्हा तुला नवीन काय सांगायचं असं वाटेल. पण तू पुढं होतास, तुझी माझ्याकडे पाठ होती, आणि माझ्या बाजूनं ते कसं झालं हे तुला माहीत नाही.

त्या दिवशी फाट्यावर वहिनी स्वतः चालत आल्या. म्हणाल्या, "खांदा द्यायला मानसं हायत. तुमी दहाव्याला नदीवर या म्हणत्यात. मागं उभं ऱ्हायचं, बोलायचं न्हाई." मी हो म्हणालो. पत्र वाचलं का असं विचारायचं होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून वाचलंय हे समजलं. धूर दिसला तोवर बसलो आणि मग निघालो.

नऊ दिवस मी एकच गोष्ट ठरवत होतो. कावळा येणार नाही हे मी धरून चाललो होतो. आईचं काहीतरी राहिलेलं असणारच. लोक थांबतील, कंटाळतील, कुणी तरी पुढं ढकलेल, आणि मग मी बोलेन. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. आता हे लिहिताना कळतंय की मी तिथंही सीनच बसवत होतो.

पिंड मांडले. बाजूला सरा, सावली पडतीय, असं कुणीतरी म्हणालं. सगळे चार पावलं मागे आले. मी शेवटच्या रांगेत, बाभळीखाली. नानासो माझ्याशेजारीच होता आणि त्यानं मान खाली घातली होती. साऱ्या घाटाला तो सीन आठवत होता आणि आठवू नये म्हणून जो तो नदीकडे बघत होता. तू हात जोडायला उचललेस. तोंड उघडायच्या आधी कावळा खाली आला, शिवला, आणि उडालासुद्धा.

आई म्हणाली होती, दोघं या. दोघं आलो होतो. तिनं एक मिनिटही ताटकळत ठेवलं नाही.

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, चपला शोधायला लागले. माझं काम संपलं होतं. मी न बोलता परत गेलो असतो तर तुझा हुकूमही पाळला गेला असता, आणि मला कुणी काही विचारणारही नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं लिहितो.

मग मला तुझी पाठ दिसली. आबांच्या वेळी दिसली होती तीच.

मी म्हणालो, "थांबा जरा." माझाच आवाज मला ओळखू येईना. सगळे वळले. मी पुढं आलो, पिंडाकडे तोंड केलं आणि हात जोडले. "आई," म्हणालो, आणि पाठ केलेलं सगळं गेलं. आवाज चिरकला. सिनेमात शेवटचा शब्द देताना मी जो चिरका आवाज काढतो, तसाच. मी काढला नव्हता, दादा, तो तसाच आला. पहिल्या रांगेतलं एक पोरगं फिसकन हसलं. मग त्याच्या मागचे. त्यांना वाटलं, इंद्रजितराव सीन करायला लागले. कावळा शिवून गेल्यावर मुलगा शब्द द्यायला येतो, याच्यापेक्षा मोठा विनोद मला स्वतःला सुचला नसता.

मी बोलत राहिलो. म्हणालो, "ती क्लिप मी पाठवली. दादा त्यात खुळ्यासारखा दिसतोय, तो तसा नव्हता. त्याचं बोलणं मी कापलं. तो आबांना म्हणत होता, इंद्राची काळजी करू नका, त्यो लहान हाय, त्येला मी हाय." 'त्यो लहान हाय' म्हटल्यावर हशा मोठा झाला. माझे केस पांढरे, पोट सुटलेलं. मागं दीडशे माणसं हसत होती आणि मी त्यांच्यापुढं ओल्या डोळ्यांनी, नाक गळत, हात जोडून उभा. आयुष्यभर याच आवाजासाठी जगलो. तो असा अंगावर येतो हे मला माहीत नव्हतं.

तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. जागा तीच होती, लोक तेच होते, आणि या वेळी मी पुढं होतो. तू हसला असतास तर मी समजून घेतलं असतं. तुझा तो हक्क होता.

तू लोकांकडे वळलास आणि आवाज न चढवता म्हणालास, "हसू नगा. त्यो खरं बोलतोय."

हसणं तिथंच तुटलं. तू माझ्याकडे न बघता ट्रॅक्टरकडे गेलास, आणि घरी ये म्हणाला नाहीस. मी बसनं सांगलीला आलो. तीन वर्षांत माझ्याविषयी तुझ्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. आबांना नदीवर तू 'त्येला मी हाय' म्हणाला होतास त्यातलंच ते आहे, एवढं मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

तुझा,
इंद्रा